हसला की पडतो!

"डॉक्टर, ह्यो हसला की पडतोय बघा," असे म्हणत एक बाई आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन कळंब्यातल्या माझ्या दवाखान्यात आल्या, ते साल २०१३. पावसाळ्याचे दिवस, बाहेर ताप-खोकल्याच्या पेशंटांची रांग. मी मुलाला टेबलावर घेतले, छाती तपासली, रक्तदाब पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. सगळे ठीक होते. आईला विचारले, "किती वेळ पडून असतो?" "मिनिटभर असंल." "तोंडाला फेस?" "न्हाई." "कपडे खराब करतो का?" "न्हाई वो. पर तोंड वाकडंतिकडं हुतं, बोलाय येत न्हाई." एवढ्यावर मी केसपेपरवर लिहिले, 'फिट?' आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

फिटपुढे प्रश्नचिन्ह होते, हे खरे. पण वाचकहो, प्रश्नचिन्ह केसपेपरवरच राहते आणि 'फिट' मात्र पेशंटबरोबर घरी जाते. तिथून शाळेत, भावकीत, पुढे सोयरिकीतही जाते. त्या मुलाच्या बाबतीत ते सहा वर्षे फिरत राहिले. आजचा लेख त्या सहा वर्षांविषयी आहे. मुलाची आणि त्याच्या आईची परवानगी घेऊन लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलला आहे, आजाराचा मात्र बदललेला नाही.

मुलाला मी पुढच्या तपासणीसाठी शहरात पाठवले. तिथे दोन दिवस ठेवून घेतले, मेंदूचा आलेख काढला. आलेखात दोष नव्हता. डिस्चार्ज कार्डावर माझ्याच चिठ्ठीतला शब्द उतरला आणि खाली एक नंबर आला : आर ५६.८. वर्षभराने दुसऱ्या ठिकाणी दाखवले. मुलगा अजून पडत होताच. तिथे नंबर बदलला, जी ४०.९ झाला आणि फेनिटॉइनच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या नेमाने घेऊनही पडणे थांबेना, उलट दिवसाची पेंग वाढली आणि हिरड्या सुजल्या (या औषधाने काहींच्या हिरड्या वाढतात). तिसऱ्या ठिकाणी मेंदूचा आलेख पुन्हा निर्दोष आला, तेव्हा घरच्यांना सांगण्यात आले की हे मनाचे आहे, पोरगा लक्ष वेधून घ्यायला पडतो. नंबर मिळाला एफ ४४.५. एकच मुलगा, एकच आजार आणि फाईलमध्ये तीन नंबर. तिन्ही चुकीच्या वाटेचे. त्या वाटेवर पहिले पाऊल टाकले मी.

हे नंबर काय असतात, असे अनेक पेशंट विचारतात. विशेषतः विम्याचा कागद भरताना. सीपीआर असो वा एखादे खासगी रुग्णालय, प्रत्येक मोठ्या रुग्णालयात रेकॉर्ड विभाग असतो. पेशंट घरी गेला की त्याचे कागद तिथे जातात आणि तिथला माणूस डॉक्टरांचे अक्षर लावून (हे काम सोपे नाही, हे मी माझ्या अक्षरावरून सांगतो) प्रत्येक निदानाला एक कोड देतो. हे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गवारीतून येतात. या वर्गवारीची सुरुवात मृत्यूंच्या कारणांच्या यादीने झाली. ती यादी बर्टिलाँ नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मांडली. १९४८ मध्ये तिची सहावी आवृत्ती आरोग्य संघटनेने आपल्या हाती घेतली आणि तेव्हापासून तीत मृत्यूंबरोबर आजारही मोजले जाऊ लागले. दहाव्या आवृत्तीला १९९० मध्ये मंजुरी मिळाली. आपल्याकडच्या रुग्णालयांच्या कागदांवर दिसतात ते बहुतेक कोड या दहाव्या आवृत्तीचे असतात. अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून जगात अमलात आली आहे.

कोड म्हणजे आजाराचा पिनकोड समजा. पुढचे अक्षर प्रकरण सांगते : 'जी' म्हणजे मज्जासंस्थेचे आजार, 'एफ' म्हणजे मनाचे आणि वर्तनाचे, 'आर' म्हणजे नुसती लक्षणे, ज्यांचे कारण अजून ठरलेले नाही. मागचे आकडे गल्ली आणि घर सांगतात. पत्ता चुकला की पत्र भलतीकडे जाते. कळंबा लिहायच्या ऐवजी नुसते कळंब लिहिले तर पत्र धाराशिव जिल्ह्यात जाऊन पडेल, किंवा यवतमाळला. पोस्टमनचा त्यात काय दोष?

त्या मुलाचा पहिला कोड आर ५६.८, म्हणजे 'इतर व अनिर्दिष्ट झटके'. रेकॉर्डवाल्याने तो नियमानेच दिला होता. निदान पक्के नसेल तर लक्षणाचाच कोड द्यावा, असा संकेत आहे. पण लक्षणच मी चुकीच्या शब्दात लिहिले होते. 'फिट?' ऐवजी 'हसल्यावर गुडघ्यांतून खाली बसतो, शुद्ध राहते' एवढे सहा शब्द लिहिले असते, तर पुढच्या कुणा तरी डॉक्टरची मान वर झाली असती. आईने तर पहिल्याच वाक्यात निदान सांगून टाकले होते. 'हसला की' हे दोन शब्द मी ऐकले आणि सोडून दिले.

आता त्या आजाराविषयी. त्याचे नाव नार्कोलेप्सी. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ गुंगीचा झटका असा होतो. हे नाव १८८० मध्ये जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी दिले. त्यांचा पेशंट मद्याच्या पिंपांचा धंदा करणारा, ३८ वर्षांचा. दिवसातून कितीतरी वेळा बसल्या जागी झोपायचा, आणि मोठ्याने हसला की, किंवा धंद्यात चांगला सौदा जमतो आहे असे दिसले की, त्याच्या पायातले बळ जायचे. हे जे भावना उसळली की अंगातले बळ जाणे, त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. सगळ्याच नार्कोलेप्सीच्या पेशंटांत ते नसते. पण असले, तर दुसऱ्या कुठल्याही आजारात सहसा न दिसणारी ती खूण आहे.

पाश्चात्त्य देशांत केलेल्या पाहण्यांत साधारण दोन ते चार हजार माणसांमागे एकाला नार्कोलेप्सी आढळते. म्हणजे फार दुर्मीळ नव्हे. माझी प्रॅक्टिस पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. या हिशेबाने यापूर्वीही असे पेशंट माझ्यासमोर बसून गेले असणार, कुणी 'अशक्तपणा' म्हणून, कुणी 'चक्कर' म्हणून. या विचाराने बरे वाटत नाही.

आजाराचे मूळ समजायला झोपेची थोडी माहिती हवी. आपली झोप एकसारखी नसते. डोळा लागल्यावर साधारण तास-दीड तास साधी झोप असते, मग थोडा वेळ एक वेगळी झोप येते. तिच्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात आणि माणूस ठसठशीत स्वप्ने पाहतो. या स्वप्नझोपेत मेंदू एक हुशारी करतो. स्वप्नात आपण धावलो, हाणामारी केली, तरी अंथरुणातून उठून ते करू नये म्हणून तो हातापायांच्या स्नायूंचा जोर काढून घेतो. श्वास आणि डोळे तेवढे चालू राहतात. निरोगी माणसात ही अवस्था झोपेच्या चौकटीतच राहते. नार्कोलेप्सीत चौकटीची दारे नीट लागत नाहीत. स्वप्नझोपेचे तुकडे जागेपणात घुसतात. स्नायूंचा जोर जाण्याचा तुकडा भर जागेपणी आला की ती कॅटाप्लेक्सी. माणूस पूर्ण जागा असतो, सगळे ऐकतो, त्याला सगळे समजते, फक्त अंग साथ देत नाही.

ही दारे धरून ठेवणारे एक रसायन मेंदूत तयार होते. त्याला ओरेक्सिन किंवा हायपोक्रेटिन म्हणतात. दोन नावे असण्याचे कारण असे की १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांना ते जवळजवळ एकाच वेळी सापडले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात कळले की नार्कोलेप्सी असलेल्या डोबरमन कुत्र्यांत या रसायनाचा संदेश घेणारी जागाच बिघडलेली असते. त्या कुत्र्यांची गंमत अशी (आपल्या दृष्टीने गंमत, त्यांच्या दृष्टीने नव्हे) की आवडते खाणे पुढे ठेवले की आनंदाने त्यांचे पाय गळत आणि ती तिथेच आडवी होत. २००० साली माणसांच्या मेंदूत पाहिले, तेव्हा ओरेक्सिन तयार करणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या आढळल्या. या पेशी एवढ्या मोठ्या मेंदूत साधारण पन्नास ते ऐंशी हजारच असतात. शरीराची संरक्षणयंत्रणाच चुकून त्यांच्यावर उलटते, असे आजचे मत आहे. अंगात विशिष्ट जनुकाचा प्रकार असावा लागतो आणि वर एखाद्या संसर्गाचे निमित्त. २००९-१० च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर चीनमध्ये मुलांत हा आजार वाढलेला दिसला. फिनलंड-स्वीडनमध्ये त्या साथीसाठी वापरलेल्या एका विशिष्ट लशीनंतर तो वाढला. ती लस आता वापरात नाही. तेव्हा या वाक्यावरून कुणी घरातल्या मुलांचे लसीकरण थांबवू नये.

आमच्या एमबीबीएसच्या काळात यातले काहीच माहीत नव्हते. नार्कोलेप्सी पुस्तकात होती, पण परीक्षेला येत नाही म्हणून पान उलटायची. सबब म्हणून हे सांगत नाही, पण झाले ते असे.

आता मुलाकडे परत येतो. फिटच्या गोळ्या चालू असतानाच त्याने दहावी कशीबशी काढली. वर्गात दुसऱ्या तासाला त्याचे डोके बाकावर टेकायचे. घरी त्याला 'कुंभकर्ण' म्हणत. हे नाव सगळ्याच नार्कोलेप्सीच्या पेशंटांना मिळते आणि ते चुकीचे आहे. कुंभकर्ण एकदा झोपला की झोपायचा. या पेशंटची चोवीस तासांतली एकूण झोप आपल्याइतकीच असते, पण तिचे तुकडे पडून ती दिवसभर विखुरलेली असते. दिवसा पंधरा मिनिटांची झोप त्याला टाळता येत नाही, त्यातून उठला की तासभर तरतरीत, मग पुन्हा पेंग. रात्री मात्र झोप सारखी मोडते. हा मुलगा रात्री दोनला अंगणात येऊन बसलेला असे. आजीला वाटे, याला काहीतरी दिसते आहे.

आणि त्याला दिसतही होते. डोळा लागता लागता दारात कुणीतरी उभे असल्याचे, छातीवर ओझे ठेवल्याचे, हाक मारावी तर आवाज न फुटल्याचे अनुभव त्याला येत. हेही स्वप्नझोपेचेच तुकडे, अवेळी आलेले. (निरोगी माणसालाही कधीतरी असे होते, एकदोनदा झाले म्हणून घाबरू नका.) आजीने कात्यायनीला नारळ ठेवला, मुलाच्या दंडाला दोरा बांधला. पडला की कुणीतरी नाकाला चप्पल लावायचे. या चपलेविषयी मुलाने मला नंतर जे सांगितले ते विसरता येत नाही. "डॉक्टर, मला सगळं कळायचं. कुणाची चप्पल हाय त्येबी कळायचं. पर तोंड बाजूला करता यायचं न्हाई."

कोल्हापूरचा मुलगा, तेव्हा फुटबॉल आलाच. गल्लीच्या टीममध्ये तो बरा खेळायचा. पण चेंडू पायात आला, समोर गोलकीपर एकटा, आता गोल नक्की, अशा क्षणी त्याचे गुडघे वळायचे आणि तो खाली बसायचा. 'घाबरतंय' म्हणून त्याला टीममधून काढले. बिचारा घाबरत नव्हता. फार आनंद होत होता एवढेच. कॅटाप्लेक्सीचा झटका बहुधा आनंदाच्या भावनेने येतो : हसू, विनोद सांगण्याची उत्सुकता, जिंकण्याची खात्री, जुना मित्र अचानक भेटणे. राग किंवा दचकणे यांनीही येतो, पण कमी वेळा. दरवेळी माणूस पडतोच असे नाही. कधी नुसता जबडा सैल होतो, जीभ जड होते, मान पुढे झुकते, हातातला कप निसटतो. लहान वयात चेहरा विचित्र होतो, जीभ बाहेर येते. तेच त्या आईचे 'तोंड वाकडंतिकडं'. काही सेकंद ते दोनेक मिनिटे हे चालते आणि आले तसे जाते.

याचा परिणाम असा झाला की मुलाने हसणे सोडले. कुणी शिकवले नाही, अनुभवाने त्यालाच कळले. टीव्हीवर विनोदी काही लागले की तो उठून जायचा. मित्र जमले की कडेला उभा. आई म्हणाली, "पोरगं लई शहाणं झालंय, गप्प असतंय." तीन-तीन रुग्णालयांचे कागद असताना हे कुणाच्याच लक्षात आले नाही, माझ्याही नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात, तो वीस वर्षांचा असताना, कपाळाला टाके घालायला माझ्याकडे आला. गोकुळ शिरगावच्या वसाहतीत एका कारखान्यात लेथवर शिकाऊ होता. जेवणाच्या सुट्टीत पायरीवरून पडला होता. टाके घालून झाले, मी हात धूत होतो. आमचा कंपाउंडर जुना आणि वात्रट. त्याने पट्टी बांधता बांधता काहीतरी विनोद सांगितला (तो इथे छापण्यासारखा नाही). मुलगा नकळत हसला, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याचा जबडा सैल पडला, मान गेली, गुडघे वळले आणि तो पोत्यासारखा खाली बसला. मी धावलो. नाडी उत्तम. श्वास नीट. डोळे अर्धे उघडे, बुबुळे माझ्याकडे वळली. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला नाही. अर्ध्या मिनिटात तो उठून बसला आणि म्हणाला, "तुमी 'हातोडी दे' म्हणून ओरडलासा, मला ऐकू आलं."

मिरगीच्या मोठ्या झटक्यात माणसाला हे सांगता येत नाही. शुद्ध जाते, अंग ताठ होऊन झटके देते, जीभ चावली जाते, कधी लघवी होते, आणि नंतर बराच वेळ गुंगी राहते. चक्कर येऊन पडणाऱ्याला डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा पांढरा पडतो, घाम येतो. इथे यातले काहीच नव्हते. फक्त हसू होते आणि पूर्ण शुद्ध होती. सहा वर्षे फाईलमध्ये जे सापडले नाही ते दवाखान्याच्या फरशीवर अर्ध्या मिनिटात समोर आले.

त्याला पुण्याच्या एका निद्रातज्ज्ञांकडे पाठवले. तिथे आधी पंधरा दिवस झोपेची डायरी लिहायला लावली. चालू औषधे हळूहळू, त्यांच्याच देखरेखीखाली कमी केली. मग एक रात्र अंगाला तारा लावून झोपेची नोंद घेतली. घोरताना श्वास अडकतो का, झोप पुरेशी होते का, हे त्यात पाहतात. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी वीस-वीस मिनिटे, असे पाच वेळा त्याला अंधाऱ्या खोलीत झोपायला सांगितले. ही परीक्षा झोप किती लवकर लागते आणि कोणती लागते, हे मोजते. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि दोन किंवा अधिक वेळा एकदम स्वप्नझोपच आली, तर नार्कोलेप्सी धरतात. याला सरासरी तीन मिनिटे लागली आणि पाचपैकी चार वेळा स्वप्नझोप आली. अडचणीच्या पेशंटांत पाठीच्या कण्यातले पाणी काढून ओरेक्सिन मोजता येते. इथे त्याची गरज पडली नाही.

आणि फाईलमध्ये चौथा नंबर आला : जी ४७.४. दहाव्या आवृत्तीत या घराचे नाव 'नार्कोलेप्सी आणि कॅटाप्लेक्सी' असे एकत्रच आहे. अमेरिकेने आपल्या वापरासाठी त्याच घराला आणखी खोल्या पाडल्या : कॅटाप्लेक्सीसह असेल तर जी ४७.४११, नसेल तर जी ४७.४१९. अकराव्या आवृत्तीत त्याहून मोठा बदल आहे. पूर्वी झोपेचे काही आजार मज्जासंस्थेच्या प्रकरणात होते, काही मनाच्या. आता झोप-जागेपणाच्या आजारांना सातवे, स्वतंत्र प्रकरण मिळाले. त्यात कॅटाप्लेक्सीची नार्कोलेप्सी, म्हणजे पहिला प्रकार, ७ए२०.० या कोडवर आहे आणि दुसरा प्रकार ७ए२०.१ वर. मला हा बदल आवडला. 'मेंदूचे की मनाचे' या भांडणात झोपेचा पेशंट विनाकारण चिरडला जातो.

एका आकड्यासाठी एवढे पाल्हाळ कशाला, असे कुणी म्हणेल. तर ऐका. वाहन परवान्याच्या अर्जासोबत प्रकृतीविषयीचा जो नमुना भरून द्यावा लागतो, त्यात मिरगी किंवा अचानक शुद्ध हरपण्याचे झटके येतात का, असा प्रश्न असतो. विम्याच्या दाव्यात कोड भरावाच लागतो आणि जुना कोड नव्या दाव्याच्या आड येऊ शकतो. लग्नाचे तर विचारू नका. हिंदू विवाह कायद्यातून मिरगीचा उल्लेख १९९९ मध्ये काढून टाकला गेला, पण लोकांच्या मनातून तो निघालेला नाही. मिरगी असणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हे मी याच सदरात पूर्वीही लिहिले आहे. पण जो आजार नाही त्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे खाणे आणि जो आहे त्याला औषध न मिळणे, हे नुकसान भरून निघत नाही. जुने कोड खोडून मिळत नाहीत आणि खोडूही नयेत, ती त्या वेळची नोंद आहे. मी त्याला एक सविस्तर पत्र लिहून दिले : आधीची निदाने कोणती, ती का बदलली, नवे निदान कशाच्या आधारे झाले. ते पत्र तो फाईलमध्ये सर्वांत वर ठेवतो.

इथे एक इशारा. हा लेख वाचून कुणीही फिटच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. फिट म्हणून उपचार घेणाऱ्या बहुतेकांना फिटच असते, आणि गोळ्या एकदम थांबवल्या तर जिवावर बेतू शकते. शंका असेल तर आपल्या डॉक्टरांना एवढेच विचारा, "हसल्यावरच होतं आणि शुद्ध राहते, तर हे दुसरं काही असेल का?"

तसेच, दिवसा झोप येते म्हणून लगेच नार्कोलेप्सी समजू नये. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारून दुपारी डोळा लागला तर तो आजार नव्हे, तो कोल्हापूरकराचा हक्क आहे. दिवसा पेंगणाऱ्या माणसांत सर्वांत मोठे कारण रात्री पुरेशी झोप न घेणे हेच असते. पाळीचे काम, गळिताच्या हंगामात रात्रभर ऊस ओढणे, आणि हल्ली मोबाईल. त्यानंतर घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, मग रक्त कमी असणे, थायरॉईड मंदावणे, सर्दी-खाजेच्या गोळ्या, दारू, उदासीनता. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये आठ प्रश्नांची एक सोपी यादी केली. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत प्रवासी म्हणून बसल्यावर, कुणाशी बोलत असताना, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन गुणांनी मोजायची. चोवीसपैकी दहाच्या वर गेलात तर डॉक्टरांना भेटावे. माझ्या या पेशंटला एकवीस होते.

आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. पण बरेच काही करता येते. सकाळी घ्यायच्या मोडॅफिनिलने दिवसाची झोप आटोक्यात राहते. डोकेदुखी, धडधड होऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावे. परीक्षेसाठी जागायला म्हणून मुले मेडिकलमध्ये ते मागतात असे ऐकतो, ते निव्वळ वेडेपण आहे. हे औषध घेणाऱ्या स्त्रियांनी एक लक्षात ठेवावे : त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, दुसरा उपाय विचारून घ्यावा. कॅटाप्लेक्सीसाठी व्हेनलाफॅक्सिनसारखी, एरवी उदासीनतेवर देतात ती औषधे चालतात, कारण ती स्वप्नझोप दाबतात. ती अचानक थांबवली तर झटक्यांमागून झटके येतात. आणि औषधाइतकाच उपयोगी म्हणजे ठरलेल्या वेळी घेतलेली पंधरा-वीस मिनिटांची झोप. फुकटची, पण परवानगी मिळवायला सर्वांत अवघड.

ही परवानगी मिळवायला मी स्वतः त्याच्या कारखान्यात गेलो. मालकांना सांगितले, याला आळस नाही, मधुमेहाच्या माणसाला जसे इन्सुलिन कमी पडते तसे याला एक रसायन कमी पडते. लेथवर किंवा भट्टीजवळ याला उभे करू नका. त्यांनी समजून घेतले. आता तो तयार माल मोजमापाने तपासण्याच्या टेबलावर असतो, आणि जेवणानंतर वीस मिनिटे स्टोअरमध्ये खोक्यावर झोपतो. मोटारसायकल चालवू नकोस, एकटा तळ्यात पोहू नकोस, हे मी सांगितले आहे. पोहणे सोडले, मोटारसायकलचे तो ऐकतो असे त्याची आई म्हणते. पडणे महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळेवर आले आहे.

कुणाच्या घरी असे काही असेल तर एक सोपी गोष्ट करा. झटका येईल तेव्हा त्याला सांभाळून खाली बसवा, डोक्याखाली काहीतरी द्या, चप्पल-कांदा लावू नका, आणि दुसऱ्या कुणाला तरी मोबाईलवर चित्रण करायला सांगा. डोळे, तोंड आणि हातपाय दिसले पाहिजेत. झटका थांबल्यावर, मधे काय ऐकू आले ते त्याला विचारा आणि त्याचे उत्तरही चित्रणात येऊ द्या. डॉक्टरांच्या खोलीत झटका सहसा येत नाही. वात्रट कंपाउंडर सगळीकडे नसतो.

गेल्या महिन्यात मुलगा औषध लिहून घ्यायला आला होता. आमच्या कंपाउंडरने सवयीप्रमाणे काहीतरी सुरू केले. मुलाने हात वर करून त्याला थांबवले, बाक भिंतीला सरकवला, पाठ टेकून नीट बसला आणि म्हणाला, "हां, आता सांगा."